आजारी माणूस चहा मागतो

मी काही जाणकार वाचक नाही, हे आधीच सांगून टाकते. सातवीपर्यंत शिकले, तेही भालकीला, कानडीतून. मराठी वाचायला लागले ती लग्न होऊन उदगीरला आल्यावर, आमच्या भांड्यांच्या दुकानात बसून. भांडी गुंडाळायला रद्दी यायची, तिच्यात रविवारच्या पुरवण्या असायच्या, आणि गिऱ्हाईक नसलं की मी त्यातल्या गोष्टी वाचायची. गोष्ट नेमकी रंगात आली की पान संपायचं, आणि पुढचं पान सकाळीच एखाद्या परातीला गुंडाळून कुणाच्या तरी रुखवतात गेलेलं असायचं. याचा इतका राग यायचा की शेवटी मी वाचनालयाची सभासद झाले. पुस्तकाला निदान शेवटचं पान तरी असतं, असा माझा साधा विचार होता.

तेव्हापासून मी कादंबऱ्या वाचतेय. त्यांची नावं मला राहत नाहीत, लिहिणाऱ्यांची तर नाहीतच. माणसं राहतात. कोण कुठल्या गावचं, कुणाला कुणाचा राग, कोण कशानं गेलं, हे सगळं पक्कं डोक्यात असतं. आवडलं तर आवडलं म्हणते, नाही आवडलं तर तेही म्हणते. त्यात लेखकाचा मान ठेवायचा असतो हे मला कुणी शिकवलं नाही.

मग काचबिंदूनं डोळे नेले. आता उजेड कळतो, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळते, बास. तेव्हा माझी सून अंबिका म्हणाली, "अव्वा, मी वाचते, तुम्ही ऐका." दुपारी बाजार थंड असतो. मी गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसते, ती काउंटरमागच्या स्टुलावर, आणि वाचन सुरू होतं. मधेच कुणी डबा नाहीतर चाळणी मागायला आलं की पुस्तक पालथं पडतं. कधी गिऱ्हाईकच कोपऱ्यातल्या बाकड्यावर टेकतं आणि प्रकरण संपल्यावर उठतं. वाचनाचा आवाज अंबिकाचा चांगला आहे. उगीच नाटकी करत नाही.

अमर माझा मुलगा, अंबिकाचा नवरा. तीन वर्षांपूर्वी तो लातूरच्या दवाखान्यात वारला. हृदयाचं दुखणं होतं. त्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, आता बरं आहे. म्हणून मीच अंबिकाला म्हटलं, उदगीरला जा, अंघोळ कर, त्याचे धुतलेले कपडे घेऊन ये. ती आली, कपडे घेऊन परत निघाली, आणि ती गाडीत असताना अमर गेला. जवळ मी एकटी होते. लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, शांत गेला, झोप लागल्यासारखा. अंबिकालाही तेवढंच सांगितलं. तिनं पुढं विचारलं नाही. मग आम्ही दोघींनी दुकान उघडलं, नातीला लातूरला शिकायला ठेवलं, सणवार केले. तो विषय मात्र घरात परत निघाला नाही.

दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर एक मोठं पितळेचं पातेलं आहे. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाच्या नावानं मठात भांडं देतात, प्रसादाच्या स्वयंपाकाला. त्यावर त्याचं नाव टाकलेलं असतं, इतरांत कैलासवासी लावतात तसं आधी लिंगैक्य लावून. हे नाव टाकायचं काम आमच्या दुकानात अंबिकाच करते, छोट्या मशीनवर, आणि तिचं अक्षर असं की लोक निलंग्याहून येतात. कितीतरी घरच्या गेलेल्यांची नावं तिच्या हाताखालून गेली आहेत. अमरचं वर्ष झालं तेव्हा ते पातेलं आणलं. ते अजून कोरं आहे. मी म्हणायची, अंबिका, पातेलं. ती म्हणायची, उद्या टाकते. दुसऱ्या दुकानातून टाकून आणता आलं असतं. पण मला ते तिच्याच हातनं हवं होतं, आणि माझे डोळे मिटायच्या आत हवं होतं. माझी एवढी एकच इच्छा राहिली होती, आणि तिच्याबद्दल मी दर अमावस्येला एकदा बोलायची आणि गप्प बसायची.

असो. कादंबऱ्यांकडे येते.

मागच्या वर्षभरात ऐकलेल्यांपैकी पहिली धर्माबादच्या मिरचीच्या बाजारावरची होती. चांगली होती. अडत्याचा स्वभाव, हमालांचं बोलणं, मिरचीची पोती फोडतानाचा ठसका, सगळं खरं. लेखकाला मिरचीच्या लाल रंगाचं फारच कौतुक होतं. दर चार पानांनी तो लाल रंग सांगायचा. अरे बाबा, मिरची लालच असते, पुढं चल. शेवटी त्या अडत्याला गोदामात छातीत कळ येते. तीन पानं कळ येते. घाम, डावा हात, पोत्यांवर कोसळणं, सगळं. आणि मग काय, तर तो उठून बसतो आणि चहा मागतो. मी अंबिकाला म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "असंच लिवलंय, अव्वा."

दुसरी पुण्याची. एक नवरा-बायको दोन खोल्यांत बोलत राहतात. खूप हुशार बोलतात. स्वयंपाक कोण करतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला त्यांच्या भांडणापेक्षा त्यांच्या उपाशी राहण्याचीच काळजी लागली. त्यात शेवटी दोघं वेगळे झाले आणि पुस्तक संपलं. मला पटलं. इतकं बोलल्यावर माणूस वेगळाच होणार.

तिसरी कंधारची. किल्ल्याच्या खंदकात पैज लावून उडी मारणारा एक पोरगा. फार गोड लिहिला होता. त्याची आई त्याच्यासाठी ज्वारीचे पापड वाळवते तो भाग अंबिकाकडून मी दोनदा वाचून घेतला. शेवटी तो पैजेखातर पावसाळ्यात उडी मारतो. पाणी चढलेलं, शेवाळ, काठावर मित्र ओरडतायत. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. अंबिका थांबली. पान उलटल्याचा आवाज आला, पाणी पिल्याचा आला. मग तिनं वाचलं की तो पलीकडच्या काठाला निघाला आणि ओल्या अंगानं टपरीवर जाऊन त्यानं चहा मागितला.

मी म्हटलं, "हे लेखक लोक चहावाल्याकडून कमिशन खातात का?"

अंबिका हसली नाही.

तेव्हा माझं ठाम मत झालं की हल्लीचे लेखक भित्रे आहेत. पूर्वी कादंबरीत माणसं मरायची. रडू यायचं, दोन दिवस जेवण जायचं नाही, पण माणूस गेला तर गेला असं लिहायची हिंमत होती. हल्ली मारुतीच्या शेपटाएवढं दुखणं लावतात आणि शेवटच्या पानावर सगळं झटकून टाकतात. हातात पुस्तक घेऊन चाचपलं तर शेवटाकडं अजून पानं उरलेली लागायची. मी विचारायची, हे काय? अंबिका म्हणायची, लेखकाचं मनोगत हाय, आभार हायेत. मी म्हणायची, हो, चहावाल्याचे असतील.

माझी ही मतं वाचनालयात पोचायची. पुस्तक परत द्यायला अंबिका जाते, आणि काउंटरवरची हसीना तिला विचारते, "अव्वा काय म्हणल्या?" अंबिका सांगते. हसीना ते पुढच्या वाचकाला सांगते. हळूहळू असं झालं की लोक पुस्तक घ्यायच्या आधी विचारायला लागले, अव्वांनी ऐकलंय का. हसीना एकदा दुकानात कुकरची शिट्टी घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "अव्वा, तुमच्या मतावर पुस्तकं फिरून राहिलीत. कंधारच्या पुस्तकाचा शेवट खोटा हाय म्हणल्या तुम्ही, तर आता सगळ्यांना तेच बघायचंय." मला बरं वाटलं. म्हातारपणी आपलं कुणी ऐकतंय म्हटल्यावर कुणाला बरं वाटत नाही?

मग हिवाळ्यात वाचनालयाचा मेळावा ठरला. आमच्याकडं असे कार्यक्रम होतात तेव्हा लेखकाला हार घालतात, अध्यक्ष स्वतःबद्दल बोलतात, आणि पुस्तक कुणीही वाचलेलं नसतं. हसीनानं या वेळी कमिटीपुढं म्हणे हट्टच धरला की आधी एका साध्या वाचकानं बोलायचं, आणि लेखकासमोर बोलायचं. साधी वाचक म्हणून तिनं माझं नाव दिलं. लेखिका होती नांदेडची, धम्मप्रिया नावाची, कॉलेजात शिकवणारी. तिची पहिलीच कादंबरी.

ती कादंबरी किनवटकडच्या एका वसतिगृहाची. नीलाबाई नावाची अधीक्षिका, जंगलातल्या गावांतून आलेल्या मुली, गळकं छप्पर, दूरवरून ऐकू येणारी रेल्वे. एका पावसाळ्यात मुलींना तापाची साथ येते. नीलाबाई एका मुलीला पाठीवर घेऊन चिखलातून स्टेशन गाठते, तिला गाडीत बसवून देते, आणि परत येऊन स्वतः तापानं आडवी होते. खरं सांगते, गेल्या कित्येक वर्षांत मला एवढं कुणी आवडलं नव्हतं. नीलाबाई मुलींना रागवायची ती रीत माझ्या आईची होती. आणि शेवटी काय? पहाटे उजाडतं, मुली गोळा होतात, आणि नीलाबाई डोळे उघडून म्हणते, चहा टाका गं.

मी ऐकून इतकी चिडले की अंबिकाला म्हटलं, "या बाईला मी समोरच सांगणार हाय."

अंबिका म्हणाली, "जाऊ द्या ना, अव्वा. थंडी हाय. कशाला जायचं?"

ती दोन-तीनदा तसं म्हणाली. तिला माझ्या तब्येतीची काळजी आहे असं मी समजले. मेळाव्याच्या दिवशी तिनं मला इरकली लुगडं नेसवलं, हात धरून नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. तिचा हात गार होता.

हॉल भरलेला वाटत होता. खुर्च्यांचे आवाज, लहान मुलांचं रडणं, माइकची शिट्टी. हसीनानं मला उभं केलं आणि माइक हातात दिला. मी घाबरले नाही. दुकानात बसणारीला बोलायला लागतंच.

मी म्हटलं, "बाई, तुमची नीलाबाई मी बघितली. मला डोळे न्हाईत, तरी बघितली. तुम्ही लई चांगलं लिवता. पण शेवटाला तुम्ही भ्यालात. एवढा ताप, एवढा पाऊस, दवाखाना न्हाई, रस्ता न्हाई, अन् ती सकाळी उठून चहा मागती? असं न्हाई होत, बाई. मी बघितलंय. माणूस जातो. तुमचा शेवट खोटा हाय. तुम्ही तिला जाऊ द्यायला पाहिजे होतं."

मागं कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. मला वाटलं, माझं बोलणं लागलं बाईला. मग धम्मप्रियाचा आवाज आला, माइकशिवाय, अगदी जवळून. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती.

"अव्वा," ती म्हणाली, "ती जाते. माझ्या पुस्तकात नीलाबाई जाते. पहाटे मुली तिला उठवायला जातात आणि ती उठत नाही. चहा कुठंच नाही."

माझ्या डाव्या बाजूला अंबिका बसली होती, आणि तिचा श्वास थांबलेला मला कळला. मग मला सगळं कळलं. पान उलटल्याचा तो आवाज, ते पाणी पिणं, ती उरलेली पानं. आणि चहा. सगळ्या कादंबऱ्यांत तोच चहा.

सगळा हॉल माझ्याकडं बघत असणार, आणि थोड्या वेळानं अंबिकाकडं बघणार. पुस्तक कोण वाचतं हे हसीनाला ठाऊक होतं, निम्म्या गावाला ठाऊक होतं. मी माइक परत तोंडाशी धरला.

"मग मला झोप लागली असंल," मी म्हटलं. "दुपारचं ऐकते मी. जेवण झालेलं असतं. शेवट मी स्वप्नात ऐकला असंल. बाई, मला माफ करा. म्हातारीचं मत मागं घेते."

लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि मी खाली बसले. अध्यक्ष स्वतःबद्दल बोलले. मला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात माणसं मरत होती. धर्माबादचा अडत्या गोदामात पोत्यांवरच गेला होता. कंधारचा पोरगा बुडाला होता आणि त्याच्या आईचे पापड तसेच उन्हात राहिले होते. आणखी एका पुस्तकातली म्हातारी होती, देगलूरची, तिचाही ताप उतरला होता, म्हणजे तीही गेली होती. ज्यांना मी वर्षभर जिवंत धरून चालले होते ते सगळे एका संध्याकाळी गेले. फक्त पुण्याचे ते दोघं तेवढे शाबूत होते. आणि मी त्या बिचाऱ्या लेखकांना भित्रे म्हणून साऱ्या उदगिरात बदनाम करून ठेवलं होतं.

आम्ही रिक्षानं परतलो. घरी अंबिकानं भाकरी वाढली, मी खाल्ली. मला राग आला होता, तो लपवत नाही. मला डोळे नाहीत म्हणून ही मला काहीही वाचून दाखवते, याचा राग. लहान मुलाला फसवावं तसं तिनं मला फसवलं होतं. आणि त्या रागाच्या खालीच मला तिची कीव येत होती, आणि ती आली की राग धरून ठेवता येत नव्हता. नंतरचे काही दिवस दुकानात वाचन झालं नाही. ती नावं टाकत बसायची, मशीनचा घर्र आवाज यायचा, मी जपमाळ ओढायची. किनवटचं पुस्तक परत द्यायचं राहिलं होतं. ते काउंटरवरच होतं, माझ्या हाताला लागायचं.

शेवटी एका दुपारी मीच ते उचललं आणि तिच्यापुढं धरलं.

"वाच," मी म्हटलं. "जे गाळलंस ते."

"अव्वा, नको ना."

"मला सोसणार न्हाई वाटलं तुला?"

"हाव. आधी तसंच वाटलं," ती म्हणाली. "मिरचीवाल्याच्या वेळी. त्याची छातीची कळ वाचताना मी म्हणलं, अव्वांना यांची आठवण येईल. म्हणून बदललं. मग कंधारच्या पुस्तकाला बी तसंच झालं, अन् मग लक्षात आलं की तुमचं न्हाई, माझंच. माझा आवाजच निघंना गेला. मी जिथं थांबायला पाहिजे होतं तिथं थांबले न्हाई, मग या परक्या लोकांजवळ कामून थांबू?"

मी पुस्तक तिच्या हातात कोंबलं. मग म्हटलं, "तरी वाच."

तिनं वाचलं. पहाट, पाऊस थांबलेला, मुली व्हरांड्यात. सगळ्यात धाकटी मुलगी नीलाबाईच्या पायाला हात लावते आणि म्हणते, बाईंचे पाय गार आहेत, पांघरूण द्या. मोठ्या मुलींना कळतं, पण त्या पांघरूण आणतात आणि नीट घालतात. धम्मप्रियानं एवढंच लिहिलं होतं, दोन पानं. अंबिकाचा आवाज तीनदा अडला, तिन्हीदा मी वाट बघितली. चाळणीला एक गिऱ्हाईक आलं, अंबिकानं हातानं काहीतरी खूण केली असावी, ते निघून गेलं. तिनं शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"चांगला केलाय शेवट," मी म्हटलं. "खरा केलाय."

"हाव," अंबिका म्हणाली. मग ती म्हणाली, "एक बोलू, अव्वा? तुम्ही सगळ्यांच्या पुस्तकांवर मत देता. माझं बी एक मत हाय."

"दे की."

"तुमचा शेवट खोटा हाय."

मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. लगेच कळलं.

"शांत गेला, झोप लागल्यासारखा," ती म्हणाली. तिनं माझीच ओळ माझ्याच आवाजात म्हटली. "मी आले तवा त्यांची मूठ आवळलेली होती. झोपलेल्या माणसाची मूठ अशी नसती. दोन वर्षं झाली, मी त्या पातेल्यावर काय टाकू? मला ठाऊकच न्हाई काय झालं ते. या बाईनं तिच्या नीलाबाईला दोन पानं दिली. तुम्ही मला एक ओळ दिली."

माझ्या हातातली जपमाळ थांबली. इतकी वर्षं मी लेखकांना बोल लावले, पण असा बोल मला कुणी लावला नव्हता. आणि तिचं बरोबर होतं. मी तिला काही सांगितलं नव्हतं कारण तिला घरी पाठवणारी मीच होते, आणि तो तिचीच वाट बघत गेला हे तिला सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. पण आता मी सांगितलं, आणि काही गाळलं नाही.

मी सांगितलं की तो जागा होता. पूर्ण जागा. दुपारी त्याचा चेहरा बदलला, नर्सबाई धावल्या, मला बाहेर जा म्हणाल्या, पण त्यानं माझं मनगट सोडलं नाही म्हणून राहू दिलं. गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी आधीच काढून माझ्याकडं दिलं होतं. ते मी त्याच्या दुसऱ्या मुठीत ठेवलं. ती मूठ तू बघितलीस. त्याला त्रास होत होता. फार होत होता. तो म्हणाला, अंबिका कुठपर्यंत आली? मी म्हटलं, निघाली, येतेय. तो भांड्यांच्या ऑर्डरी घेऊन आयुष्यभर त्या रस्त्यानं फिरलेला. तो म्हणाला, आता हेर गेलं असंल. मग थोड्या वेळानं म्हणाला, लोहारा. डोळे मिटून तो तुझी गाडी चालवत होता. मग म्हणाला, आता नळेगाव आलं असंल, तिथं गाडी थांबती. त्यानंतर तो काही बोलला नाही. मी वाट बघितली की पुढचं गाव सांगेल.

अंबिका रडत होती. मला दिसत नव्हतं, पण स्टूल हलत होतं. मीही रडले. अमर गेल्यावर लोकांसमोर मी रडले होते, एकट्या तिच्यासमोर पहिल्यांदाच.

"नळेगावला थांबली होती गाडी," ती म्हणाली. "लई वेळ थांबली. ड्रायवर चहाला उतरला, सगळे उतरले. शेजारची बाई मला म्हणली, चल, चहा घे, तोंड सुकलंय तुझं. मी न्हाई उतरले."

"कामून?"

"सकाळी निघताना ते माझ्याजवळ चहा मागत होते. डॉक्टर देऊ देईनात. मी म्हणलं, घरून येते, मग डॉक्टरला विचारून दोघं मिळून घेऊ. म्हणून न्हाई उतरले. त्यांच्या आधी कसा घेऊ?" तिनं पदरानं नाक पुसलं. "मला तेवढंच ठाऊक होतं, अव्वा. त्यांनी चहा मागितला, एवढंच. त्याच्या पुढचं पान माझ्याकडं नव्हतं."

बाजार उघडायची वेळ झाली तशी शेजारच्या दुकानांची शटरं वाजायला लागली. मी तिला म्हटलं, जा, दोन कप चहा टाक. ती आत गेली. आम्ही तो प्यायलो. साखर जास्त झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजा उरकून दुकानात येऊन बसले तर मशीन आधीच चालू होतं. एवढ्या लवकर कुणाचं काम आलं म्हणून मी कान दिला. पत्र्याच्या डब्यावर मशीनचा आवाज चिरका येतो, स्टीलवर बारीक. हा जड होता. पितळेचा.

आवाज बंद झाला. अंबिकानं भांडं फडक्यानं पुसलं.

"काय टाकलंस?" मी विचारलं.

ती वाचायला लागली. नेहमीच्या आवाजात, उगीच नाटकी न करता. "लिंगैक्य अमरनाथ महादेवप्पा शेटकार यांच्या स्मरणार्थ." ती थांबली. मी वाट बघितली.

"पुढं?" मी म्हटलं.

"पुढं काही न्हाई, अव्वा," ती म्हणाली. "एवढंच हाय. सगळं वाचलं."